किमान, बहुधा, कमाल

प्रश्न : खोलीत माणसं किती होती?
किमान आठ. बहुधा नऊ. कमाल नऊ.

आठ तज्ज्ञ, आणि आकडेमोड करणारी नीना. लीड्समधल्या एका संशोधन संस्थेचा दुसरा मजला, २००६ सालचा मार्च. हीटिंग इतकं चढवलेलं की खिडक्यांवर वाफ धरली होती. टेबलाच्या मधोमध कॉन्फरन्स फोन आणि फोनच्या पलीकडे कॅरिबियन समुद्रातलं एक लहानसं बेट. बेट ब्रिटिशांचं, त्यामुळे त्यावरचा ज्वालामुखीही ब्रिटिशांचाच.

तो डोंगर कित्येक वर्षं जागा होता. माथ्यावर घट्ट लाव्हाचा घुमट वाढायचा, जड झाला की ढासळायचा. ढासळला की तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोंढा एखाद्या दरीतून भरधाव गाडीसारखा समुद्राकडे सुटायचा. पश्चिमेची दरी त्यासाठीच बंद ठेवली होती. तिथली माणसं बेटाच्या उत्तर टोकाला पत्र्याच्या घरांत राहत होती आणि त्यांना घरी जायचं होतं. रात्री नाही तर नाही, दिवसा तरी. झाडं बघायला, छपरावरची राख झाडायला.

बेटाच्या सरकारने लीड्सला विचारलं होतं : येत्या सहा महिन्यांत या दरीत लोंढा उतरण्याची शक्यता किती? दहा टक्क्यांच्या खाली असेल तर दरी दिवसा उघडू. वर असेल तर नाही.

प्रश्न : डोंगर काय म्हणत होता?

डोंगर काहीच म्हणत नाही. म्हणतात ती यंत्रं.

भूकंपमापक म्हणत होते, शांतता आहे. धक्के कमी झालेत, येतात तेही लहान. धुराच्या पदराखाली उभं राहून आकाशाकडे बघणारं स्पेक्ट्रोमीटर म्हणत होतं, सल्फर डायऑक्साइड नाताळपासून निम्म्यावर आलाय. जीपीएसचे खुंटे म्हणत होते, आम्ही जवळजवळ जिथल्या तिथे आहोत. थर्मल कॅमेरा म्हणत होता, ढग आहे. थर्मल कॅमेरा वर्षातले बरेच दिवस एवढंच म्हणायचा.

एकटं टिल्टमीटर वेगळं बोलत होतं. माथ्याजवळ भोक पाडून जमिनीत पुरलेलं हे यंत्र जमीन कुठल्या बाजूला किती कलली ते सांगतं. इतकं बारीक की किलोमीटरभर लांबीची फळी एका टोकाला नाण्याच्या जाडीएवढी उचलली तरी त्याला कळावं. त्याच्या आलेखात डोंगर फुगत होता, बसत होता, पुन्हा फुगत होता. आणि दर वेळी बसताना आधीपेक्षा थोडा कमी बसत होता.

आठांपैकी एकाने ते ऐकलं. शशिकांत बोरगावकर, वय त्रेसष्ट, मूळचे पुण्याचे, लीड्समध्ये तीस वर्षं. जगातल्या निम्म्या टिल्टमीटरांची खोड त्यांना माहीत होती.

"गॅस कमी झालाय, धक्के कमी झालेत," ग्रॅहम म्हणाला. ग्रॅहम बैठकीचा अध्यक्ष. "हा थंड पडत चाललेला डोंगर आहे, शॅश. अर्थात माझी चूक होत असेल."

"नाक वाहायचं थांबलं याचे दोन अर्थ होतात, ग्रॅहम. एक, सर्दी गेली. दोन, नाक चोंदलं."

सगळे हसले. फोनमधूनही कोणीतरी हसलं.

"गॅस बाहेर येत नाही म्हणजे आत नाही असं कुठंय?" शशिकांत हसत नव्हते. "वरचा मार्ग बुजलाय. दाब आत वाढतोय, टिल्ट तेच दाखवतंय. घुमट पश्चिमेला झुकलाय, पश्चिमेलाच पडणार. उन्हाळ्याच्या आत."

"शक्यता?"

"सत्तर टक्के."

"किती ते किती?"

"अडुसष्ट ते बहात्तर."

ग्रॅहमने भुवया उंचावल्या. नीनाने की-बोर्डकडे पाहिलं.

प्रश्न : नीनाला काय माहीत होतं, जे शशिकांतना माहीत नव्हतं?

आठ तज्ज्ञांची सरासरी काढायची नाही, अशी तिथली पद्धत होती. सगळे तज्ज्ञ सारखे भरवशाचे नसतात. म्हणून जानेवारीत प्रत्येकाची परीक्षा घेतली होती. जुन्या उद्रेकांवरचे प्रश्न, ज्यांची उत्तरं फक्त नीनाकडे. अमुक डोंगराचा लोंढा किती किलोमीटर गेला? तीन आकडे लिहायचे : किमान, बहुधा, कमाल. किमान आणि कमाल ही दोन कुंपणं. खरं उत्तर त्यांच्या आत असेलच अशी दहात नऊ वेळा तरी खात्री वाटावी, एवढ्या अंतरावर ती घालायची. मग कॉम्प्युटर बघायचा, कोणाचं खरं उत्तर कुंपणात सापडतंय. ज्याचं सापडेल त्याच्या मताला जास्त भार.

एक लोंढा सहा पॉइंट नऊ किलोमीटर गेला होता. शशिकांतनी लिहिलं होतं : सहा पॉइंट चार, सहा पॉइंट पाच, सहा पॉइंट सहा. ग्रॅहमने लिहिलं होतं : दोन, पाच, अकरा.

ग्रॅहम बरोबर. शशिकांत चूक.

असं बहुतेक प्रश्नांत झालं. मधला आकडा खऱ्या उत्तराच्या सगळ्यात जवळ कोणाचा, तर शशिकांतांचा. पण कुंपणं इतकी आवळलेली की खरं उत्तर दर वेळी बाहेर, हाताच्या अंतरावर. शेवटी कॉम्प्युटरने त्यांना भार दिला शून्य. थोडा नाही, नगण्य नाही. शून्य. ते बैठकीला येतील, वाद घालतील, बिस्किट चहात बुडवतील, आकडा देतील. आकडा गणितात जाईल आणि शून्याने गुणला जाईल.

कोणाला किती भार ते कोणालाच सांगायचं नाही, असाही नियम होता. नाहीतर बैठकीत मारामाऱ्या होतील. माहीत फक्त दोघांना, ग्रॅहमला आणि नीनाला.

असं का झालं हेही नीनाला माहीत होतं, आणि ते ग्रॅहमला माहीत नव्हतं. शशिकांतनीच एकदा सांगितलं होतं : पुण्याच्या कॉलेजात फिजिक्सचे सर उत्तरात "सुमारे" दिसलं की मार्क कापायचे. "सुमारे म्हणजे काय रे? अभ्यास झाला नाही असं सरळ लिही की." नीना नागपूरची, पस्तीस वर्षांनी लहान, पण तिच्याही वहीवर त्याच लाल रेघा होत्या. या दोघांसाठी लांबलांब कुंपणं घालणं म्हणजे सगळ्यांदेखत अभ्यास न झाल्याची कबुली. शशिकांतनी ती परीक्षा, कुठलीही परीक्षा दिली असती तशी दिली होती. पहिलं येण्यासाठी.

ग्रॅहमला लहानपणापासून शिकवलेलं वाक्य वेगळं होतं. तो खात्रीने बरोबर असला तरी सुरुवात "माझी चूक होत असेल" अशीच करायचा.

प्रश्न : तिने काय केलं?
किमान, काहीच नाही. बहुधा, ग्रॅहमच्या खोलीचं दार वाजवलं. कमाल,

कमाल तिने काही केलं नाही. दार वाजवलं एवढंच.

"शॅशचे मधले आकडे बघा ना एकदा," ती म्हणाली. "हे अज्ञान नाही, ही लिहायची सवय आहे. त्याला शून्य देणं बरोबर नाही."

"मलाही शॅश आवडतो, नीना."

"आवडण्याचा प्रश्न नाहीये."

"तोच आहे. उत्तर आवडलं नाही म्हणून भार बदलायचे, तर पद्धत हवी कशाला? मग मीच ठरवतो दरी उघडायची की नाही. ते तुला चालेल?"

 हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, तिच्या स्वतःच्या थीसिसमध्ये होतं. त्याच थीसिसवर तिला ही नोकरी आणि वर्क परमिट मिळालं होतं.

तिने हिशेब केला. पद्धतीप्रमाणे उत्तर आलं नऊ टक्के. मग, कोणाला न दाखवता, आठही जणांना सारखा भार देऊन पाहिलं. सोळा टक्के.

तो दुसरा हिशेब तिने सेव्ह केला नाही. नऊ टक्के बेटावर गेले आणि दरी उघडली.

प्रश्न : शशिकांतना काय वाटत होतं?

रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेल्यावर ते नीनाला समजलं. शशिकांतच्या बायकोने, सुचेताने, लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये पंचवीस वर्षं सुईणीचं काम केलं होतं. यॉर्कशरची निम्मी पोरं माझ्या हातातून गेलीत, असं त्या म्हणायच्या. नवऱ्याच्या डोंगराबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता.

"आमच्याकडे बाई कळा देतेय की नाही ते पोटावर हात ठेवून कळतं," त्या आमटी वाढत म्हणाल्या. "ह्यांना पाच मशिनं लागतात, आणि मग आठ पुरुष बसून मतदान करतात."

"मतदान नाही गं ते."

"मग काय?"

"सांग हिला, नीना." शशिकांत खुशीत होते. "नऊ आले. नऊ! बाकीचे किती म्हणत होते ठाऊक आहे ना? तीन, चार. मी सत्तर टाकले म्हणून ओढून ओढून नऊपर्यंत आले. थोडक्यात हुकलं. पुढच्या बैठकीत टिल्टचा नवा आलेख टाकतो त्यांच्यापुढे, आणखी दोघं वळले की दरी पुन्हा बंद. माझा धक्का बसलाय, काय?"

बाकीचे तीन-चार म्हणाले नव्हते. बाकीचे नऊच म्हणाले होते.

"आमटी छान झालीये, काकू," नीना म्हणाली.

"विषय बदलू नकोस. ह्यांचा धक्का बसला का ते सांग, म्हणजे आज भांडी तरी घासतील."

"हो," नीना म्हणाली. "बसला."

शशिकांतनी भांडी घासली. घासताना ते काहीतरी गुणगुणत होते.

प्रश्न : मग काय झालं?

मे महिना, मंगळवार. लीड्समध्ये दुपारच्या जेवणाची वेळ संपलेली, बेटावर सकाळ.

टिल्टमीटरचा श्वास थांबला. आलेख वर गेला आणि खाली यायचं विसरला. शशिकांत नीनाच्या खुर्चीमागे उभे होते. "फोन लाव," ते म्हणाले. फोन लागला तेव्हा तिकडच्या वेधशाळेत आधीच सायरनचा आवाज होता. भूकंपमापकांच्या रेघा जाड झाल्या, मग काळ्या पट्ट्या झाल्या. टिल्टमीटर गेलं. माथ्याजवळचा भूकंपमापक गेला. त्याच्याखालचा गेला. एकेका स्टेशनपुढचा हिरवा ठिपका लाल होत होता, वरून खाली, दरीच्या वळणाने. म्हणजे लोंढा कुठवर आलाय हे यंत्रं मरून सांगत होती. त्या दिवशी ढग नव्हता. थर्मल कॅमेऱ्याला प्रथमच सगळं दिसलं, आणि त्याच्या पडद्यावर पांढऱ्याशिवाय काही उरलं नाही.

पश्चिमेची दरी. उन्हाळ्याच्या आत.

सायरन ऐकून बरीच माणसं चढावर पळाली. दोघं राहिली. नवरा-बायको, साठीतले. ते छपरावर होते, राख झाडत. शिडी लावून उतरायलाच वेळ गेला असेल, असं वेधशाळेतला माणूस फोनवर म्हणाला. मग म्हणाला, "आय डोन्ट नो." मग फोन ठेवला.

प्रश्न : चूक कोणाची?

ग्रॅहमने संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलावलं. त्याचा चेहरा खरोखरच उतरला होता. "आपण शून्य म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "आपण नऊ टक्के म्हणालो होतो. नऊ टक्क्यांच्या गोष्टीही घडतात." तो खोटं बोलत नव्हता. तीच अडचण होती. त्या वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये शशिकांत नीनासमोर येऊन बसले. ट्रेमध्ये सूप होतं, ते त्यांनी बाजूला सारलं.

"माझे सत्तर घालूनही नऊच आले. मी रात्री हिशेब केला. बसत नाही. बाकीच्या सातांनी जवळजवळ शून्य टाकल्याशिवाय बसत नाही."

त्यांनी खिशातला हिशेबाचा कागद तिच्यापुढे ठेवला.

"कुठे चुकतोय मी?"

"तुमचं धरलंच नव्हतं, सर."

"म्हणजे?"

"तुमचा भार शून्य होता. जानेवारीच्या परीक्षेवरून."

पलीकडे कोणीतरी ट्रे आदळला. शशिकांतनी मिठाची डबी ट्रेच्या कडेला नीट लावून ठेवली. मग त्यांनी तिला अपेक्षित नव्हतं ते विचारलं.

"कितवा प्रश्न चुकला माझा?"

"एकही नाही. मधले आकडे सगळ्यांत जवळचे तुमचेच होते. कुंपणं फार आवळलीत तुम्ही."

"म्हणजे मला जेवढं कळतं त्यापेक्षा कमी कळतं, असं लिहायचं होतं."

"असं नाही, सर..."

"असंच. ग्रॅहमने एक ते पंधरा असलं काहीतरी लिहिलं असेल. लिहिलं ना? एक ते पंधरा म्हणजे काय, तर मला माहीत नाही. आणि त्याला भार." ते थांबले. "हे तुला मार्चमध्ये माहीत होतं?"

"हो."

"रविवारी? आमटीच्या वेळी?"

"ते सांगायची परवानगी नव्हती, सर. कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे. आणि माझं परमिट..."

"मी तुला विचारलं होतं. धक्का बसला का म्हणून."

"हो."

"दोन माणसं छपरावर होती, नीना. मी नेमकं सांगत होतो, मोठ्याने सांगत होतो, आणि तू समोर बसून शून्याने गुणत होतीस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. "निदान मला सांगितलं असतंस तर मी त्यांच्या भाषेत लिहिलं असतं. त्यात काय आहे? वर्गात पहिला येणारा पोरगा आहे मी. सांगितलं की शिकतो."

ते उठले. सूप तसंच राहिलं.

प्रश्न : शिकले का?
किमान

सप्टेंबरमध्ये नवी परीक्षा झाली. नवे प्रश्न, नवे उद्रेक. शशिकांतनी उत्तरपत्रिका सगळ्यांत आधी दिली. नीनाने तपासली, पुन्हा तपासली. दहापैकी नऊ वेळा खरं उत्तर त्यांच्या कुंपणाच्या आत होतं. अगदी पुस्तकात असतं तसं. मधले आकडे मात्र आता भलतीकडेच पडलेले. मुद्दाम की कसे, सांगता येईना. कॉम्प्युटरने आठांमध्ये सगळ्यांत जास्त भार त्यांना दिला, ग्रॅहमपेक्षाही जास्त.

"बघ, पद्धत काम करते," ग्रॅहम म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता.

सुचेताचा फोन आला होता. "काय केलंस गं माझ्या नवऱ्याला? काल विचारलं, फोडणीत मिरच्या किती टाकू? म्हणतात, एक ते वीस. मी म्हटलं, नव्वद टक्के खात्रीने तुम्ही उपाशी झोपणार." त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "बोलत नाहीत गं फारसे. तू येत जा."

नीना गेली नाही.

प्रश्न : दरीचा खालचा भाग दिवसा पुन्हा उघडायचा का?

बेटाचं सरकार पुन्हा फोनवर होतं. मे महिन्यानंतर तिकडे नवी यंत्रं पुरली होती, नवं टिल्टमीटरही होतं. भूकंपमापक काहीतरी म्हणत होते, गॅस वर-खाली होत होता, डोंगराच्या माथ्यावर नवा घुमट वाढत होता.

"शॅश?" ग्रॅहमने विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात अदब होती.

"एक ते ऐंशी टक्के," शशिकांत म्हणाले. "अर्थात माझी चूक होत असेल."

कोणी हसलं नाही. दोघांनी मान डोलावली. नीनाने आकडे भरले. सगळ्यांत जड आकडे सगळ्यांत रुंद होते, त्यांनी बाकीच्या सातांना आपल्याबरोबर ओढलं. उत्तर आलं : किमान दोन टक्के, कमाल एकाहत्तर, मध्ये काहीही.

"हे फार मोठं अंतर झालं," फोनवरचा अधिकारी म्हणाला. त्याच्या मागे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. "म्हणजे तुम्हालाच माहीत नाही, असं समजायचं का?"

"अनिश्चितता प्रामाणिकपणे मांडली आहे," ग्रॅहम म्हणाला.

"इथे लोक दाराशी बसलेत रोज. त्यांना काहीतरी सांगायला हवं. खालचा आकडा किती म्हणालात?"

"दोन. पण..."

"दोन. मग दहाच्या खाली बसतो. थँक यू, जंटलमेन."

फोन बंद झाला. नीना खोलीत एकटीच बाई होती, हे त्या अधिकाऱ्याला माहीत नसावं. खुर्च्या सरकल्या, मग कोणाच्या नव्या गाडीचा विषय निघाला. शशिकांत कोट घालून जिन्यापाशी पोचले तेव्हा तिने त्यांना गाठलं.

"सर, एक मिनिट. हे बैठकीत नाही, फक्त मला सांगा. नवं टिल्टमीटर काय म्हणतंय?"

"मी बघितलं नाही."

"म्हणजे आज?"

"बसवल्यापासून." ते कोटाची बटणं लावत होते, खालून वर, एकेक. "बघितलं की कळतं गं. कळलं की आकडे जवळ यायला लागतात."

आणि ते जिना उतरून बसस्टॉपकडे गेले.